गेरमध्ये (इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीत) मोबाइल गेला, पाडव्याच्या ऑर्डरी त्यातच आहेत. आधी काय करू?

सुदामानगरची पोळीवाली
रंगपंचमीचा दुसरा दिवस, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. भाचीच्या लॅपटॉपवरून लिहितेय. बोटं तिची, बोलणं माझं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका तिच्या खात्यात मांडा.

लग्न होऊन इंदूरला आले त्याला तीस वर्षं झाली, पण गेर मी कायम नणंदेच्या गच्चीवरूनच पाहिली. तिचं घर शीतलामाता बाजाराच्या मागच्या गल्लीत. काल भाची म्हणाली, मामी, पाचच मिनिटं खाली चला, राजवाड्याकडून येणारी गाडी जवळून बघू. मोबाइल प्लास्टिकच्या पन्नीत, पन्नी दोरीने गळ्यात. टँकरचा फवारा अंगावर आला, डोळे मिटले. उघडले तेव्हा ओल्या दोरीचा तुकडा मानेला चिकटलेला आणि पन्नी नाही. दोरी तुटलेली नाही, कापलेली आहे. दोन्ही टोकं सरळ आहेत. मी ती जपून ठेवलीय, कशासाठी ते ठाऊक नाही.

तेव्हा सव्वा वाजला असेल. दोनपर्यंत बेल जात होती, कुणी उचलत नव्हतं. मग बंद.

मी घरून पुरणपोळ्या करते. पाडव्याच्या ६४ घरांच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर, निम्म्या तर नुसत्या बोलून पाठवलेल्या. कुणाला गुळाची, कुणाला साखरेची, लोकमान्य नगरच्या एका आजोबांना जायफळ वर्ज्य. हे सगळं डोक्यात राहत नाही हो. पाडव्याला दहा दिवस उरलेत. फोन साधाच, १७ हजारांचा, दोन सिमचा अँड्रॉइड. कव्हरच्या खणात दोनशेची नोट आणि डेबिट कार्ड होतं.

भाचीने नकाशावर पाहिलं तर काल दुपारी १:५५ ला ठिपका सियागंजात दिसतोय, भोवती मोठं वर्तुळ. आमचे हे आणि पुतण्या आत्ता तिकडे निघायच्या तयारीत आहेत. जाऊ देऊ का?


छप्पनचा भिया
सकाळी ८:०५

गेरमध्ये गळ्यात मोबाइल म्हणजे मांजराच्या ताब्यात दुधाची पिशवी 😄 असो, टेन्शन नका घेऊ काकू. नेटवर साइट आहेत, आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक, टाकला की लाइव्ह लोकेशन दाखवतात. ४९९ रुपये घेतात. माझ्या मित्राने भरले होते. काकांना नक्की पाठवा, सोबत दोन-चार पोरं न्या.


पेचकस
सकाळी ८:३०

काकू, बाकीचं नंतर वाचा. आधी कार्ड बंद करा. आत्ता. यूपीआयचा पिन नव्याने बनवायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि सिमवर येणारा ओटीपी, बऱ्याच बँकांत एवढंच लागतं, आणि तुम्ही हे तिन्ही एकाच पन्नीत घालून दिलंय. बँकेचा नंबर पासबुकावरून घ्या, गुगलवर शोधू नका. तिथे बँकेच्या नावाने भलतेच लोक फोन उचलतात. एक रुपया जरी गेलेला दिसला तरी १९३० ला फोन.

मग दोन्ही सिम बंद करवा आणि आधार घेऊन कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचं नवं सिम काढा. नवं सिम सुरू झाल्यावर २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. तो नियम आहे, बिघाड नाही. तेवढ्यात घाबरून पुन्हा दुकानात जाऊ नका, लोक जातात.

आता काका. त्यांना चहा द्या आणि बसवा.

तो ठिपका म्हणजे पत्ता नव्हे. फोन उघड्यावर असला तर ठिपका बराचसा बरोबर असतो. गोदामात, जिन्याखाली, बॅगेत असला की तो आसपासच्या वायफाय आणि टॉवरवरून अंदाज बांधतो, म्हणून ते वर्तुळ. वर्तुळात कुठेही, एवढाच त्याचा अर्थ. सियागंजात तेवढ्या वर्तुळात किती दुकानं, किती माळे, मोजा. शिवाय हा ठिपका कालचा आहे, आणि सियागंज स्टेशनच्या वाटेवर आहे. बॅग तिथून नुसती गेली असेल. काका कुणाच्या तरी शटरवर थाप मारणार, तो माणूस सज्जन निघाला तर भांडण, नसला तर त्याहून वाईट. ठिपक्याचा स्क्रीनशॉट घ्या, वेळ दिसेल असा, आणि पोलिसांच्या कागदाला जोडा. ठिपक्याचा उपयोग तेवढाच.

छप्पनच्या भियाला: आयएमईआय टाकून फोन कुठे आहे ते दाखवणारी कुठलीही खासगी साइट खरी नाही. तो नंबर फोन फक्त मोबाइल कंपनीच्या टॉवरला सांगतो. ती माहिती कंपनीकडे असते आणि कायद्याने पोलिसांना मिळते. ४९९ वाल्याला कोण देणार? मित्राचा फोन सापडला का, ते नाही लिहिलंत.

मी जेल रोडच्या बाजूच्या एका गल्लीत १४ वर्षं दुरुस्तीचं काउंटर चालवतोय, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. चोरीचा फोन एक तर सबंध विकला जातो, नाहीतर खोलला जातो. डिस्प्ले वेगळा, बॅटरी वेगळी, कॅमेरा वेगळा. आयएमईआय बोर्डाबरोबर राहतो. महिन्यातून एखादा मुलगा तरी येतोच, "भैया, पापा का फोन है, पासवर्ड भूल गए." मी म्हणतो, पापा को फोन लगाओ. एकदा फोनच्या लॉक असलेल्या पडद्यावरच लिहिलं होतं, हा फोन हरवला आहे, या नंबरवर कळवा. मी तिथल्या तिथे नंबर लावला. पलीकडच्या बाई रडायलाच लागल्या. तोवर तो मुलगा "शिकंजी पिऊन येतो" म्हणून गेला, तो गेलाच. फोन काउंटरवर माझ्या हातात. पोलिसांना बोलावून दिला.

तर तुम्हीही तो निरोप लावा. भाचीच्या लॅपटॉपवर तुमचं गुगल खातं उघडलेलंच दिसतंय, नशीब समजा. नव्या ठिकाणाहून उघडायला गेलात तर ओटीपी हरवलेल्या फोनवरच जातो. फाइंड हबमध्ये, ज्याला आधी फाइंड माय डिव्हाइस म्हणायचे, फोन लॉक करा, निरोप लिहा, घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर द्या. फोन नेटवर आला की निरोप पडद्यावर उमटेल. सगळं पुसून टाकायचं बटण आत्ता दाबू नका. पुसलं की ठिपकाही गेला. आणि खात्यातून तो फोन काढून टाकू नका, कितीही राग आला तरी. पिन माहीत नसताना फोन जबरदस्तीने रिसेट केला तर चालू होताना तो आधीचं गुगल खातं मागतो. तुमचं ते एक कुलूप चोराच्या हातातही शाबूत असतं.

मग पोलीस ठाणे. आवेदनात दोन्ही आयएमईआय लिहा. दोन सिमचा फोन म्हणजे नंबर दोन, १५-१५ आकड्यांचे. डब्यावर, बिलावर असतात. शिक्क्याची प्रत घेतली की सरकारच्या संचार साथी पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर हरवलेला फोन ब्लॉक करायचा फॉर्म. आवेदनाची प्रत, ओळखपत्र, असेल तर बिल, आणि ओटीपी. तो नव्या सिमवर हवा असेल तर २४ तास थांबावं लागेल. फॉर्म गेला की साधारण दिवसभरात देशातल्या सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर तो फोन बंद. बंद म्हणजे मुका, पण अदृश्य नव्हे. कुणी सिम घालून चालू केला की टॉवरला आयएमईआय सांगावाच लागतो, आणि कुठल्या नंबरचं सिम घातलं ते पोलिसांपर्यंत जातं. देशाबाहेर गेला तर मात्र हा ब्लॉक तिथे चालत नाही.

आयएमईआय बदलून देणारेही असतात, खोटं कशाला बोलू. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. माझ्याकडे कुणी विचारलं की मी हा आकडा सांगतो, गल्ली लगेच मोकळी होते.

ऑर्डरींचं: रोज रात्री दोनला होणारा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप फोनमध्येच असतो, तो गेला. गुगल ड्राइव्हवरचा असेल तर तोच नंबर आणि तेच खाते घालून दुसऱ्या फोनवर उतरेल. एसएमएस येत नसेल तर कोड फोन करून सांगायचा पर्याय घ्या. तुमच्या नंबरवर दुसऱ्या फोनमध्ये सुरू झालं की जुन्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप आपोआप बाहेर पडतं.


सुदामानगरची पोळीवाली
त्याच दिवशी, रात्री ९:५०

पेचकस भाऊ, कार्ड आठ वाजून चाळीस मिनिटांनी बंद केलं. पैसे शाबूत. दोनशेची नोट सोडून.

फोनचा डबा सापडला! मी त्यात केशराच्या डब्या ठेवते, त्यामुळे डबा सुगंधी आणि स्टिकर अर्धा फाटलेला. एक नंबर पूर्ण, दुसऱ्याचे सातच आकडे. भाचीने गुगलवर पाहिलं तर तिथेही पहिलाच. मग बिलासाठी ह्यांची विजेच्या पावत्यांची फाइल उपसली, त्यात मिळालं. त्यावर दोन्ही.

ठाण्यात मात्र दोन तास गेले. कुठलं ठाणे ते लिहीत नाही. पहिल्यांदा ऐकलं, ही हद्द आमची नाही. मग म्हणाले, आंटीजी, गुम लिख दो, जल्दी हो जाएगा. मी पर्समधून दोरी काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, भैया, हरवलेल्या वस्तूची दोरी कुणी कापतं का? त्यांनी दोरी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, टीआय साहेब (ठाण्याचे प्रमुख) बंदोबस्तातून आले की बघू. शेवटी "गुम" असंच आवेदन घेतलं, शिक्का दिला. मला ते पटलेलं नाही, पण पाय दुखत होते.

ह्यांच्या जुन्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उतरलं. कोड एका बाईने फोनवर इतका संथ वाचून दाखवला की मला शाळा आठवली. बॅकअप चार दिवसांपूर्वीचा. ६४ पैकी ४१ ऑर्डरी आहेत, २३ गेल्या.


काळा कोट
रात्री १०:३०

गळ्यातली दोरी कापून नेलं ती चोरीच. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२). १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेतल्या ३७९ च्या जागी हे आहे. ३०४ ची झपटमारी, म्हणजे हिसकावून नेणं, बसते का, यावर वकील तासभर बोलतील, तुम्ही त्यात पडू नका.

हद्दीचं कारण चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी ठाण्याने माहिती घ्यायची असते. ती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट. घेतच नसतील तर तोच मजकूर वरिष्ठ अधिकाऱ्याला लेखी, पोस्टाने. संचार साथीचा ब्लॉक "गुम"च्या कागदावरही होतो, तेव्हा तो थांबवू नका. पण उद्या फोन कुणाच्या हातात सापडला तर "गुम"वर त्याला विचारणार काय? सापडला म्हणेल. चोरीचा गुन्हा नोंदलेला असला तर प्रश्न बदलतो.

दोरी टाकू नका. ती तुम्ही कशासाठी जपलीत ते आता कळलं असेल.


सुदामानगरची पोळीवाली
चार दिवसांनी, दुपारी ३:१५

ऑनलाइन दिलं, तिसऱ्या दिवशी जाऊन सही केली, एफआयआर मिळाली. या वेळी एक तरुण बाई होत्या ड्युटीवर, त्यांनी दोरीचा फोटोही काढून घेतला. फोन ब्लॉक झाला. जो विनंती क्रमांक मिळाला तो देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहिलाय, मोठ्या अक्षरात.

२३ ऑर्डरींसाठी स्टेटस टाकलं की ज्यांनी गेरच्या आधीच्या तीन-चार दिवसांत सांगितलं त्यांनी पुन्हा कळवा. २३ गेल्या होत्या, २७ जणांनी कळवलं. चौघांना वाटतंय त्यांनी सांगितलं होतं. करतेय, काय करणार.

आता नवं प्रकरण. आज सकाळी भाचीच्या नंबरवर मेसेज आला, तुमचा हरवलेला फोन सापडला आहे, लोकेशन बघायला इथे दाबा. खाली निळी लिंक. फोनचं मॉडेलही बरोबर लिहिलंय! तिने दाबलं तर गुगलचंच पान उघडलं, ईमेल आणि पासवर्ड मागतंय. तिने भरायला घेतलं आणि मी म्हटलं थांब, आधी पेचकसला विचारू.


पेचकस
दुपारी ३:२२

थांबलात ते फार बरं केलंत. ते पान गुगलचं नाही, वरचा पत्ता अक्षर अक्षर वाचा.

भाचीचा नंबर त्यांना कसा कळला? तुम्हीच पडद्यावर लिहिलाय, माझ्या सांगण्यावरून. मॉडेल तर त्यांच्या हातातच आहे. याचा अर्थ फोन चालू झाला होता, निरोप त्यावर उमटला, आणि तो ज्याच्याकडे आहे त्याला तुमच्या खात्याचं कुलूप उघडत नाहीये. त्याला तुमचा पासवर्ड हवाय. खरी खबर देणारा माणूस फोन करतो, लिंक पाठवत नाही. मेसेजचा स्क्रीनशॉट ठाण्यातल्या त्या बाईंना द्या, नंबरसकट, आणि संचार साथीवर चक्षू नावाचा विभाग आहे तिथेही टाका. पासवर्ड तरीही बदला.

पुढे कुणी गोड बोलून फोनही करेल, कंपनीतून बोलतोय म्हणून. ओटीपी मागेल. त्याला पोळीचा भाव सांगा.


छप्पनचा भिया
दुपारी ४:००

मित्राला विचारलं. ४९९ घेऊन एक नकाशा दाखवला, त्यात फोन समुद्रात होता. मग अचूक लोकेशनसाठी आणखी ९९९ मागितले. त्याने भरले 🙏 काकू, साखरेच्या दहा माझ्या लिहा, हे लिहून घ्या पण, कागदावर.


सुदामानगरची पोळीवाली
सात आठवड्यांनी, सकाळी ११:२०

मंडळी, फोन मिळाला!!

देवासच्या एका कॉलेजच्या मुलाकडे होता. चार हजारांत, बिल नाही, डबा नाही, लॉक उघडून देतो असं सांगून कुणीतरी त्याच्या गळ्यात मारला. त्याने आपलं सिम घातलं आणि नंबर पोलिसांकडे गेला. मुलगा रडवेला झाला होता, मला त्याचं वाईट वाटलं, पण चार हजारांत तो फोन मिळतो का कुठे? त्याला घेण्याआधी तपासता आला असता म्हणे. इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून आयएमईआय, १४४२२ वर पाठवायचा, ब्लॉक केलेला असेल तर उत्तर येतं. ठाण्यातल्या बाईंनी त्याला माझ्यासमोरच करून दाखवलं.

काळ्या कोटाने फोनवर सांगितलं तसा कोर्टात सुपुर्दगीचा, म्हणजे वस्तू परत ताब्यात मागण्याचा, अर्ज दिला, काल हातात आला. पडद्याच्या कोपऱ्यात अजून गुलाबी रंग आहे. आत काही नाही, "आधीचं गुगल खाते टाका" एवढंच. टाकलं, उघडला. पण पेचकस भाऊ, सिम घालून काल रात्रीपासून बघतेय, नेटवर्कच येत नाही. सिम ह्यांच्या फोनमध्ये चालतंय. त्या मुलाने आत काही बिघडवलं असेल का? तुमच्याकडे घेऊन येऊ? बोर्ड गेला असेल तर किती लागतील?


पेचकस
सकाळी ११:३१

काकू, ब्लॉक तुम्हीच केलाय.

पोलिसांनी दिला म्हणून तो आपोआप सुटत नाही. त्याच पोर्टलवर सापडलेला फोन अनब्लॉक करायचा पर्याय आहे, त्यात तो विनंती क्रमांक आणि ओटीपी. कॅलेंडरवरून बघून भरा. बोर्डाला काही झालेलं नाही, मला स्क्रू खोलायला लावू नका.


सुदामानगरची पोळीवाली
दुपारी १२:४५

कॅलेंडरचं ते पान महिना संपला तेव्हा फाडलं होतं.

घरात शोधाशोध. शेवटी फळीवर पोळ्यांच्या डब्यांखाली अंथरलेलं सापडलं, तुपाचा गोल डाग बरोबर नंबरावर. उजेडाला धरून वाचला, भाचीने भरला. आता वाट बघतेय. भिया, तुझ्या दहा पोळ्यांचे पैसे अजून यायचेत, ते मात्र कागदावर लिहिलेलं आहे.